तेजस्वीची दुसरी जाग

"मॅडम, बाजूला व्हा… अहो मॅडम!"

हाक कुणाला तरी होती हे तेजस्वीला कळलं, पण ती आपल्याला असेल असं काही तिच्या मनात आलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये रविवारी सकाळी निम्म्या बायका मॅडम असतात आणि उरलेल्या दीदी. पडद्याचं कापड घेऊन झालं होतं, सडकून भूक लागली होती आणि दाल-पकवानवाल्या सनीच्या गाडीवरच्या डाळीत तिनं कुरकुरीत पकवानाचा पहिला तुकडा नुकता बुडवला होता. तेवढ्यात कुणीतरी तिच्या पर्सचा पट्टा धरला आणि तिला चांगलं चार पावलं मागे ओढलं. प्लेट खाली. डाळ सँडलवर.

"हे काय चाललंय?" ती उसळली.

"गॅस," तो म्हणाला. "लीक होतोय."

तिनं वळून पाहिलं. गाडीभोवतीची माणसं केव्हाच लांब जाऊन नाकाला रुमाल लावून उभी होती. एकटी तीच शेगडीला चिकटून मजेत खायला उभी होती! सनी वाकून रेग्युलेटर बंद करत होता. "पाइप निकल गया था, साईं. बस, हो गया… दो मिनट हवा लगने दो!"

"एवढा वास सुटला होता," तो तरुण म्हणाला, "तुम्हाला आला नाही?"

"सर्दी झालीय."

"कधीपासून?"

"दोन दिवस."

तो नुसता बघत राहिला… जरा जास्तच वेळ. सावळा, शिडशिडीत, हातात हिरव्या कापडाची पिशवी. पूर्वी कुठंतरी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याचं बघणं होतं. तेजस्वीला मात्र हा चेहरा कुठंच आठवेना.

"दोन दिवसांची सर्दी असली की माणूस नाक ओढतो," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही एकदाही ओढलं नाहीत."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. ब्रदर. बदलापूरला, हॉस्पिटलात. सिस्टर असतात ना, तसे आम्ही ब्रदर. विक्रांत नाव माझं." त्यानं पिशवी वर केली. "ड्यूटीचे कपडे शिवायला टाकतोय."

तेजस्वीला रागातही हसू फुटलं. "मुलीशी पहिली ओळख करून घेताना 'मी ब्रदर' असं सांगायचं म्हणजे… धाडस आहे तुमचं."

"म्हणून तर अजून लग्न जमलेलं नाही," तो गंभीरपणे म्हणाला, आणि सनीला ओरडला, "एक प्लेट और, मॅडम के लिए!"

प्लेट देताना त्याचा उजवा हात तिच्यासमोर आला. अंगठ्याच्या बुडाशी अर्ध्या चंद्रासारखा एक फिकट व्रण होता.

"हे काय झालं होतं?"

"चावलं."

"कुत्रं?"

"मांजर," तो म्हणाला आणि हात खिशात घातला. "घाबरलेली होती बिचारी."

*

सर्दी दोन दिवसांची नव्हती. आठ महिन्यांची होती आणि ती सर्दीही नव्हती. तेजस्वीच्या नाकात दोन्ही बाजूंनी पॉलिप वाढले होते, द्राक्षांच्या छोट्या घडांसारखे. नाकाच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं होतं, पूर्ण भूल देऊन दुर्बिणीनं काढावे लागतील. साधं ऑपरेशन आहे. "विचार करून कळवते," असं म्हणून ती बाहेर पडली ती पडलीच.

बाकी कुणाचं नाक बंद झालं असतं तर फार बिघडलं नसतं. पण तेजस्वी नाकावर जगत होती. मोरिवलीला, कारखान्यांच्या रांगेत, साबण-अगरबत्त्यांसाठी सुगंध बनवणाऱ्या कंपनीत ती केमिस्ट होती. दिवसभर कागदाच्या बारीक पट्ट्या अत्तरात बुडवायच्या, हुंगायच्या आणि सांगायचं, मोगरा जरा जास्त झालाय, चंदन खोटं वाटतंय. मालक धर्मेशभाई कौतुकानं म्हणायचे, "मशीन चूक करेगी, तेजस्वी का नाक नहीं करेगा."

आणि आता हे नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायची जागा झालं होतं. आठ महिने ती जुन्या नोंदी, अंदाज आणि शेजारच्या टेबलावरच्या वैदेहीच्या चेहऱ्यावरचे भाव, एवढ्यावर दिवस ढकलत होती.

त्या रविवारी निघताना विक्रांतनं तिचा नंबर मागितला नाही. आपला दिला. "सर्दी वाढली तर," एवढंच म्हणाला. तिनं चार दिवसांनी फोन केला. कारण तिनं मनाशी पक्कं ठरवून ठेवलं होतं: गरज म्हणून. दुसरं काही नाही.

"एक विचित्र काम आहे," ती म्हणाली. "तुमचं नाक हवंय."

मग ते अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडच्या टपरीवर भेटू लागले. त्याची सकाळची ड्यूटी सुटली की तो बदलापुरातून बाइकनं यायचा, ती कंपनीतून रिक्षानं. थंडीचे दिवस, चार-साडेचारचं तिरकं ऊन, दोन कटिंग. ती पाकिटातून पट्ट्या काढायची आणि तो डोळे मिटून हुंगायचा.

"हा… चांगला आहे."

"चांगला म्हणजे? नीट सांगा हो!"

"म्हणजे… लग्नाला जाताना आई कपाटातून साडी काढते ना, त्या साडीसारखा."

"डांबरगोळीचा की चंदनाचा?"

"डांबरगोळी घालणारी नाही माझी आई."

"चंदन. खाली थोडा वाळा." ती झरझर लिहून घ्यायची. "आणि हा?"

"हा शाळेचा पहिला दिवस. नवी दप्तरं, नवा रेनकोट… कुणीतरी रडतंय."

"रडण्याला वास असतो?"

"असतो. खारट. तुम्हाला येत नाही एवढंच."

ती वही मिटून खळखळून हसायची आणि मग आपण किती मोठ्यानं हसलो हे लक्षात आलं की चहाकडे बघायची. त्याला वासांची नावं येत नव्हती, पण प्रत्येक वासाला त्याच्याकडे एक घर होतं, एक माणूस होता. बारवी धरणाच्या बाजूला त्याचं गाव. वडील आण्णा भातशेती करायचे. भिजवलेला वाल, तापलेली भट्टी, म्हशीच्या पाठीवरचं ऊन… असल्या शब्दांत तो तिला अत्तरं समजावून सांगायचा, आणि तिला ती खरंच कळायची.

एकदा पट्ट्या संपल्यावरही तो डोळे मिटून बसून राहिला.

"आता काय हुंगताय? पाकीट रिकामं आहे."

"एक राहिलाय. तुम्ही आलात की येतो तो."

तेजस्वीचा हात कपाच्या कानातच थांबला. "मला… वास येतो?"

"जाईच्या तेलाचा. आणि त्याच्याखाली कसलातरी… नाही, याला मला उदाहरण सापडत नाही."

आई रोज सकाळी डोक्याला जाईचं तेल लावून द्यायची. आठ महिने तिनं ते नुसतं चिकट म्हणून सोसलं होतं. त्या दिवशी रिक्षातून घरी जाताना तिनं आपली वेणी पुढं ओढून नाकाला लावली. काही आलं नाही. पण डोळे भरून आले… आणि ओठांवर हसू. दोन्ही एकदमच.

*

उसना घेतलेला सुगंध किती दिवस पुरणार? डिसेंबरात एक दिवस विक्रांतची ड्यूटी लांबली, आणि त्याच दुपारी अगरबत्तीच्या तेलाचे ड्रम घाईनं पास करायचे होते. तेजस्वीनं कागदपत्रं बघितली, रंग बघितला आणि सही केली. एका ड्रममधलं तेल खवट झालेलं होतं. गाडी भरताना हमालानं सांगितलं, वैदेहीनं झाकण उघडून खात्री केली आणि माल गेटातूनच परत आला.

धर्मेशभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, कितने दिन से?"

तिनं खरं सांगितलं.

"नाक ठीक करून ये. फेब्रुवारीपर्यंत तुझी जागा ठेवतो," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "नंतर मला दुसरा नाक शोधावा लागेल. तुला ऑफिसमधी काम देईन, पण लॅबमधी नाय."

संध्याकाळी टपरीवर तिनं पट्ट्या काढल्याच नाहीत. विक्रांतनं चहा पुढं सरकवला आणि थांबला. तो उगाच प्रश्न विचारत नसे. त्यामुळं माणसाला आपणहून बोलावं लागे.

"ऑपरेशनची भीती नाही हो वाटत," ती म्हणाली. "भीती वाटते ती… उठण्याची."

तीन वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्स फुटलं होतं. बदलापूरला, विक्रांतच्याच हॉस्पिटलात, धावपळीत ऑपरेशन झालं. भुलीतून बाहेर येताना काय झालं ते तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. जे माहीत होतं ते सगळं ऐकीव. ती किंचाळली, सलाइन ओढून काढली, स्ट्रेचरवरून उडी मारायला गेली. तिघाचौघांनी धरलं. मनगटांवरची निळी वळं आठ दिवस राहिली होती. आत्या तर पुढं वर्षभर प्रत्येक कार्यात नक्कल करून दाखवायची, 'अशी घुमत होती, जसं काही अंगात आलंय!'

"आणि मी एका नर्सला चावले," ती खाली बघत म्हणाली. "आईनं सांगितलं. लचकाच तोडला म्हणे. तुमच्याकडेच असतील त्या सिस्टर. मला त्यांचं नावही माहीत नाही. त्यांना माझ्याकडून सॉरी सांगाल?"

विक्रांतनं कप खाली ठेवला. उजवा हात खिशात घातला.

"सांगेन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. 'सांगितलं. मनावर घेतलेलं नाही म्हणे. ऑपरेशन करून घ्या, असंही सांगितलंय.'

*

तेजस्वीनं बदलापूरच्या त्याच हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख घेतली. भूल देणाऱ्या डॉक्टर किर्ती यांनी तिला ऑपरेशनच्या आठ दिवस आधी बोलावलं. ठेंगण्या, चपळ, बोलताना पेन फिरवणाऱ्या. तेजस्वीनं सगळी हकिकत सांगितली, आत्याच्या नकलेसकट.

"अंगात वगैरे काही आलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "भुलीतून उठताना मेंदू एकदम जागा होत नाही. चाळीत संध्याकाळी दिवे लागतात ना, एक इथं, एक तिथं? तसा. भीतीच्या खोलीतला दिवा आधी लागतो, समजुतीच्या खोलीतला मागून. मधल्या पाच-दहा मिनिटांत पोट दुखतंय, लघवीची नळी टोचतेय, घशात खवखव, डोळ्यांवर दिवा आणि चार माणसं ओरडतायत 'डोळे उघडा, डोळे उघडा!' मीसुद्धा चावेन."

"या वेळी तर नाकच बंद असणार…"

"हो. नाकात पॅकिंग, म्हणजे कापसाचे बोळे, असतील. जाग आल्याबरोबर वाटेल, श्वासच येत नाही. म्हणून ते आत्ताच सांगून ठेवतेय. रोज संध्याकाळी नाकाला कपड्यांचा चिमटा लावून दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्यायचा. शरीराला सवय झाली की भुलीतही ते कमी घाबरतं. बाकी माझ्यावर सोडा. गुंगी शिरेतून देईन, दुखणं जाग यायच्या आधीच मारून ठेवीन, लघवीची नळी घालणार नाही, आणि शेवटी एक औषध सावकाश सोडीन, त्यानं मन थाऱ्यावर राहतं. कुणी हलवून उठवणार नाही. तुमचं तुम्ही उठायचं."

"म्हणजे नक्की तसं होणार नाही?"

"नक्की असं मी काहीच सांगत नाही. पण गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ बरं होईल, एवढं सांगते."

हलक्या मनानं तेजस्वी बाहेर आली. कॉरिडॉरच्या टोकाला विक्रांत उभा होता, हिरव्या कपड्यात. त्याला या कपड्यात ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं हात वर केला… आणि तेवढ्यात चादरींचा गठ्ठा घेऊन चाललेल्या एक म्हाताऱ्या आयाबाई, कौसाबाई, तिच्यासमोर थबकल्या.

"आगं बाय! तू त ती अपेंडिसवाली ना गो?" कौसाबाईंचा चेहरा फुलला. "आपल्या विक्रांतला चावलीवती ती! आरं विक्रांत, बघ कोन आलीय. हाताला टाके पडलेवते पोराच्या…"

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हसलं. तेजस्वीला दुसरं काही ऐकूच आलं नाही. ती विक्रांतच्या हाताकडे बघत होती. आज तो खिशात नव्हता.

ती जिना उतरून पार्किंगपर्यंत पोचली तेव्हा तो मागून धावत आला.

"तेजस्वी… ऐका तरी."

"मांजर," ती म्हणाली. "घाबरलेली मांजर! आणि त्या सिस्टरचा निरोप? तोसुद्धा तुम्हीच लिहिलात! दोन महिने मी तुमच्यासमोर बसून… गंमत वाटली असेल ना?"

"नाही."

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"हॉस्पिटलात पेशंट जे करतो ते त्याचं असतं. ते बाहेर नेऊन त्यालाच दाखवायचं नसतं. पण निरोपाचं खोटं बोललो, ते माझं चुकलं. ते हॉस्पिटलचं नव्हतं, माझंच होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही परत टपरीवर आला नसतात." त्यानं एक श्वास घेतला. "आणि खरं सांगू? चावल्याचं मला काही नाही. तुम्ही 'सोडा मला, सोडा' म्हणत रडत होतात आणि मी तुमची मनगटं दाबून धरली होती. मला तेव्हा दुसरं काही येतच नव्हतं. ती निळी वळं माझ्या बोटांची आहेत, तेजस्वी. तीन वर्षं झाली, त्याची लाज जात नाही."

ती रिक्षात बसली आणि निघून गेली.

*

पाच दिवस तिनं त्याचा फोन उचलला नाही. आईला मात्र सगळं सांगितलं, आणि चिमटा रोज लावला. सहाव्या दिवशी संध्याकाळी नाकाला चिमटा लावून ती पोळ्या लाटत होती, तेव्हा आई ओट्याशी येऊन उभी राहिली.

"त्या मुलाला मी ओळखते," ती म्हणाली. "तू चावलीस त्याला."

तेजस्वीचं लाटणं थांबलं.

"त्या दिवशी हाताला बँडेज बांधून तो माझ्यापाशी आला होता. मला वाटलं, आता बोलणार. तर बाकड्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, 'काकू, तिला यातलं काही आठवणार नाही. तुम्हीही सांगू नका. आणि मनगटांना बर्फ लावा, ते आमच्यामुळं झालंय.'" आईनं पदराच्या टोकाची घडी केली. "मीच मूर्ख. आत्यापाशी बोलले आणि सगळीकडे झालं. नर्स म्हणाले तुला, ब्रदर म्हणाले नाही… तरुण मुलाला चावलीस म्हटलं की आणखी बोभाटा झाला असता."

तेजस्वीनं चिमटा काढला. नाकाच्या शेंड्यावर दोन लाल रेघा उमटल्या होत्या. हातांना पीठ तसंच, आणि तिनं फोन लावला.

"मंगळवारी ऑपरेशन आहे माझं."

"माहीत आहे."

"ड्यूटी आहे तुमची?"

"नाही. रजा घेतलीय." तो थांबला. "किर्ती मॅडमना सांगून टाकलं… या पेशंटच्या बाबतीत मी ब्रदर नाही म्हणून."

आई उगाचच गॅस कमी-जास्त करू लागली.

"बरं," तेजस्वी म्हणाली. "मग रजेच्या दिवशी काय करणार?"

"बाहेर बसणार. बाकड्यावर. काकूंच्या शेजारी."

*

मंगळवारचं तिला एवढंच आठवतं.

छताकडे बघत आकडे मोजायला सांगितलं होतं. मोजले की नाही, कुणास ठाऊक. मग काहीच नव्हतं. आणि मग एक निळा पडदा होता, त्याच्यामागून येणारा मऊ उजेड. कुणी ओरडत नव्हतं. कुणी हलवत नव्हतं. नाक नव्हतंच, जणू चेहऱ्याच्या मधोमध कुणी दगड ठेवला होता… छातीत एक गोळा उठला, पाय झाडावेत, उठून पळावं असं वाटलं… आणि तोंड आपोआप उघडलं. हवा आली. पुन्हा आली.

"तेजस्वी," एक आवाज म्हणाला, अगदी सावकाश. "ऑपरेशन झालं. सगळं छान झालं. नाकात कापूस आहे, तोंडानं श्वास घे. मी इथंच आहे. घाई नाही."

तिची बोटं चादरीवरून सरकत कशाला तरी लागली. चादरीवर एक हात उताणा ठेवलेला होता, उघडा. त्यानं तिला धरलं नव्हतं. तो नुसता तिथं होता. तिनंच तो धरला.

पुढचं आईनं सांगितलं. डॉक्टर किर्ती दारात येऊन म्हणाल्या होत्या, ओळखीचा आवाज असला तर बरं, घरचं एक माणूस आत या. आई उठली, पण मागच्या वेळचं आठवून परत खाली बसली. तिनं शेजारी बघितलं. पोरगा बाकड्याची कड धरून बसलेला, घामानं ओला. रोज याच दारातून शंभर वेळा जाणारा, पण आज बाहेरचा होऊन बसलेला.

"तूच जा," आई म्हणाली. "तुझा आवाज ओळखते ती."

*

पॅकिंग निघालं, खपल्या पडल्या, नाक धुवायच्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. वास काही लगेच आला नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. आणि तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेली असताना हॉस्पिटलच्या जिन्यात कौसाबाई फरशी पुसत होत्या, तेव्हा तेजस्वी अचानक मधल्या पायरीवर थांबली. कडक, ओंगळ, डोक्यात जाणारा… फिनेलचा वास! ती कठडा धरून रडायला लागली. कौसाबाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं गो बाय? पडलीस?" तिनं त्यांना बादलीसकट मिठी मारली.

धर्मेशभाईंना फोन झाला. पंधरा दिवसांनी कामावर यायचं ठरलं.

एक गोष्ट मात्र तिला आतून पोखरत होती. भुलीतून उठताना माणसं मनातलं काहीबाही बोलून जातात म्हणे. आपण काय बोललो? विक्रांत रोज भेटत होता, 'तू' म्हणायला लागला होता, पण त्या खोलीतलं एक अक्षर काढत नव्हता. तिनं आडून विचारलं, तो हसला. आईला विचारलं, आई म्हणाली, मी कुठं आत होते? आपण नक्कीच काहीतरी बोललोय… नको ते. म्हणजे खरं ते. रात्री झोपताना तिचे कान गरम व्हायचे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो तिला गावी घेऊन गेला. भाताची शेतं रिकामी झाली होती आणि त्यात वाल शेंगांवर आला होता. आण्णांनी तिला दोन ओंजळी शेंगा तोडून दिल्या आणि शहाण्यासारखे म्हशीकडे निघून गेले. ते दोघं बांधावर बसले. खाली बारवीचं पाणी उन्हात चमचमत होतं. ती एकेक शेंग सोलत होती, नाकाशी नेत होती. हिरवा, तुरट, ओलसर वास… कधी अर्धा यायचा, कधी पाऊण.

"विक्रांत."

"हं."

"आता नाही सांगितलंस तर मी शेंगा फेकून मारीन. मी काय बोलले त्या दिवशी?"

"ते बाहेर न्यायचं नसतं, म्हटलं ना तुला."

"मी परवानगी देतेय. पेशंटची परवानगी."

तो गवताची काडी चघळत राहिला. मग गंभीर चेहरा करून म्हणाला, "तू विचारलंस, किती वाजले."

"…आणि?"

"मी सांगितलं, सव्वाबारा."

"मग?"

"मग तू परत विचारलंस, किती वाजले. मी सांगितलं, सव्वाबारा. एकंदर सात वेळा विचारलंस. शेवटी बारा-वीस झाले, तेव्हा झोपलीस."

"बस? दुसरं काहीच नाही?"

"आईशप्पथ."

तेजस्वी त्याच्याकडे बघत राहिली. तीन आठवडे ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती, ती कशासाठी? किती वाजलेसाठी! तिला आधी हायसं वाटलं. मग हसू आलं. आणि मग, शेंगेची साल बोटात चुरगळता चुरगळता, चक्क वाईट वाटलं.

"मला वाटलं होतं मी बोलून टाकलंय," ती पुटपुटली. "म्हटलं, सुटले. आता मुद्दाम बोलायला नको."

विक्रांतनं तोंडातली काडी काढली. तो आता हसत नव्हता. "काय बोलायला नको?"

पाण्यावरून वारा आला. शुद्धीवर असताना बोलणं किती अवघड असतं! भूल दिलेली बरी.

"हेच की…" ती म्हणाली, "मला तू हवा आहेस. चहाला नाही. पट्ट्या हुंगायलाही नाही. तसं आता माझं मला येतंय. तरीसुद्धा हवा आहेस. रोज."

तिनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. जखमी, किंचाळणारी, ओरबाडणारी शेकडो माणसं शांतपणे सांभाळणाऱ्या त्या ब्रदरला एक वाक्य सांभाळता येईना.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"आईला काय सांगू?" तो कसाबसा म्हणाला. "तुझं पान फक्त आजच्या जेवणापुरतं वाढायला सांगितलं होतं… आता ते कायमचं मांडायला सांगतो."

"विचारलं नाहीस तू मला."

"तू तरी कुठं विचारलंस? सरळ हवा आहेस म्हणालीस."

तिनं हातातल्या सगळ्या शेंगा त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबल्या आणि उठून उभी राहिली. घराकडून चुलीचा धूर येत होता. तो तिला आला, पुरता आला, आणि दोघं बांधावरून एकामागून एक त्या दिशेनं चालू लागली.